व्हेंडरलाही विचारा कधीतरी

मा. संपादक साहेब, नमस्कार,

अर्थपानावर अधूनमधून बातमी असते की बड्या कंपन्यांच्या सीईओंना देशात धंद्याचं वातावरण चांगलं वाटतंय. वाचून दरवेळी वाटतं, विचारलं कोणाला? मी व्हेंडर, म्हणजे मोठ्या कंपन्यांना माल पुरवणारा छोटा माणूस. माझं पुण्याजवळ मशिनिंगचं (धातूचे भाग कापून-घडवून देण्याचं) वर्कशॉप आहे, दोन सीएनसी, एक व्हीएमसी अशी तीन कॉम्प्युटरवर चालणारी मशिनं, १४ माणसं. २२ वर्षांत मला कोणी विचारलं नाही, आमच्या लाइनीतल्या कोणालाही नाही.

जागतिक बँकेच्या त्या व्यवसायसुलभतेच्या यादीत आपण २०१४ मध्ये १४२ वर होतो ते २०१९ मध्ये ६३ वर आलो, तेव्हा मलाही मनापासून आनंद झाला होता. काही गोष्टी खरंच सुधारल्यात, जकात-एलबीटीची (शहरात माल आणताना लागणाऱ्या करांची) कटकट गेली, बरेचसे कागद ऑनलाइन झाले. पण त्याच अहवालात होतं की करार मोडला म्हणून कोर्टात गेलात तर पैसे हातात पडेपर्यंत १४४५ दिवस, आणि त्या बाबतीत १९० देशांत आपण १६३ वे. पाहणीसुद्धा फक्त मुंबई आणि दिल्लीची. पुढे चीन, सौदी वगैरे देशांच्या आकड्यांत गडबड निघाली आणि २०२१ ला तो अहवालच बंद झाला.

साहेब, आमच्यासाठी वातावरण म्हणजे पेमेंट. माल गेला, बिल पास झालं, तरी ९० दिवस, १२० दिवस पैसे येत नाहीत, आणि जीएसटी मात्र २० तारखेला आपल्या खिशातून भरायचा, कारण तो बिलावर लागतो, पैसे आले की नाही ते कोणी बघत नाही. मग सीसी लिमिट (बँकेची धंद्यासाठीची उधारीची मर्यादा) फुल्ल, पगाराला बायकोची एफडी मोडायची, हे मी दोनदा केलंय. कायदा नाही असं नाही, २००६ चा एमएसएमई (लहान-मध्यम उद्योगांचा) कायदा सांगतो छोट्या पुरवठादाराला ४५ दिवसांच्या आत पैसे द्या, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, दर महिन्याला चक्रवाढ. २०२४ पासून तर इन्कम टॅक्समध्ये पण आलं की वेळेत दिले नाहीत तर माल घेणाऱ्या कंपनीचा तो खर्च त्या वर्षी धरणार नाही, म्हणजे तिला टॅक्स जास्त. यावर एका मोठ्या पार्टीच्या (गिऱ्हाईक कंपनीच्या) परचेसवाल्याने मला काय सांगावं, तुमचं उद्यम रजिस्ट्रेशन (छोटा उद्योग म्हणून सरकारी नोंदणी, जिच्यामुळे हा नियम लागू होतो) रद्द करा, नाहीतर पुढची पीओ, म्हणजे ऑर्डर, दुसऱ्याला देतो! थकलेल्या पैशांची तक्रार सरकारच्या पोर्टलवर करता येते, माहितीय मला, पण केली की ते गिऱ्हाईक गेलंच समजा, आणि माझ्या कामातलं ६० टक्के काम त्या एकाच पार्टीचं आहे, १४ घरं चालतात त्यावर.

अशा कंपनीच्या वरच्या साहेबाला विचारलं तर तो वातावरण छान आहे असंच म्हणणार ना, आणि ते खोटंही नाही, त्याच्याकडे खेळतं भांडवल आहे. पण त्यातलं थोडं आमचं आहे, आमच्या न दिलेल्या बिलांचं, बिनव्याजी.

म्हणून विनंती एवढीच, पुढच्या वेळी तुमचा प्रतिनिधी एखाद्या मोठ्या कंपनीच्या एमडीची मुलाखत घ्यायला जाईल तेव्हा त्याने एक प्रश्न जरूर विचारावा, तुम्ही तुमच्या छोट्या व्हेंडरचे पैसे किती दिवसांनी देता? आणि जे उत्तर येईल ते आकड्यासकट छापा.

आपला,
एक लघुउद्योजक, पुणे