विजेची गाडी दारव्ह्यात दुरुस्त झाली पाहिजे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला इलेक्ट्रिक गाड्यांवरचा लेख वाचला. चार्जिंग, रेंज, किंमत यांवर त्यात बरंच काही आहे. पण दारव्हा तालुक्यात दोन वर्षं विजेची कार चालवल्यावर ज्या प्रश्नाने मला सगळ्यात जास्त छळलं, तो त्यात कुठेच नाही. गाडी बिघडली तर ती इथे कोण उघडणार?

गाड्यांचं वेड मला वडिलांकडून मिळालं. आमच्याकडे महिंद्राची एमएम ५४० जीप होती. तिचं डिझेल इंजिन प्युजोच्या रचनेचं, म्हणजे मूळ फ्रान्सचं; पण त्याने एअर घेतली, म्हणजे डिझेलच्या नळीत हवा शिरली, की गावातला ट्रॅक्टरचा मिस्त्रीच ती हवा काढून द्यायचा. मी बाजूला टॉर्च धरून उभा राहायचो. त्या वयात इंजिनाचा आवाज ऐकून टॅपेट वाजतंय की नोझल गळतंय ते सांगता यायचं, आणि त्याचा मला फार अभिमान होता. अशा माणसाने बिनआवाजाची गाडी घेतली तेव्हा मित्रांना नवल वाटलं. पण पेडलवर पाय ठेवताच मोटर ज्या तऱ्हेने सगळी ताकद पहिल्या क्षणापासून चाकाला देते, ते एकदा अनुभवलं की गाडीवर प्रेम करणारा माणूस वाद घालत बसत नाही. माझी गाडी एका युनिटमध्ये सहा-सात किलोमीटर जाते. पेट्रोलने लिटरमागे शंभरी ओलांडून किती दिवस झाले, ते सगळ्यांना ठाऊक आहे. यवतमाळच्या आठवड्यातून दोन फेऱ्या असणाऱ्या माणसाला हा हिशेब मांडून दाखवावा लागत नाही.

'वीज तर कोळशाचीच' असं मला नेहमी ऐकवलं जातं. खरं आहे, आणि तो कोळसा जळतो आमच्याच विदर्भात, चंद्रपूरला, कोराडीला, खापरखेड्याला. राख आमच्या वाट्याला येते आणि वीज सगळं राज्य वापरतं. मग त्या विजेवर चालणारी गाडी आम्ही का वापरू नये? पेट्रोल इंजिन इंधनातली बहुतेक ऊर्जा उष्णतेत घालवतं, मोटर तसं करत नाही. शिवाय घरावर तीन किलोवॅटचे सोलर पॅनल बसवले की चांगल्या उन्हात दिवसाला दहा-बारा युनिट मिळतात, आणि उन्हाची आमच्याकडे कमी नाही. पंतप्रधान सूर्यघर योजनेत त्यासाठी ७८ हजारांपर्यंत अनुदान आहे.

आता मुद्द्यावर येतो. गेल्या मे महिन्यात, ४५ अंशांच्या उन्हात, गाडी चार दिवस अंगणात उभी होती. पाचव्या दिवशी बटण दाबलं तर पडदा काळा. मोठ्या बॅटरीत ८० टक्के चार्ज होता, तरी गाडी मेलेली. कंपनीच्या हेल्पलाइनने सांगितलं, हात लावू नका, गाडी नागपूरला न्यावी लागेल. तालुक्याच्या ठिकाणचे जे मिस्त्री माझ्या आधीच्या दोन्ही गाड्या सांभाळत आले, त्यांना बोलावलं. त्यांनी बॉनेटमध्ये वाकून पाहिलं आणि म्हणाले, "भाऊ, लहान बॅटरी बसली असंन. मी पाच मिनटात पाहून देतो, पण उद्या कंपनीनं तुमची वॉरंटी कापली त मी काय करू?" त्यांनी हात लावला नाही आणि मीही आग्रह केला नाही. दुसऱ्या दिवशी नागपूरहून गाडी उचलायला ट्रक आला. दीडशे किलोमीटरच्या वर प्रवास, सर्व्हिस सेंटरमध्ये नऊ दिवस मुक्काम, आणि निदान काय? बारा व्होल्टची लहान बॅटरी बसली होती. मिस्त्रींनी उभ्या उभ्या सांगितलं तेच.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. विजेच्या गाडीतही एक साधी बारा व्होल्टची बॅटरी असते. तिच्यावर गाडीचा संगणक जागा होतो आणि मोठ्या बॅटरीचे स्विच जोडले जाऊन वीज पुढे जाते. ही लहान बॅटरी बसली की तीनशे व्होल्टच्या वरची मोठी बॅटरी आत भरलेली असूनही कुलूपबंद राहते. दारव्ह्याच्या बाजारात बॅटरीची दुकानं आहेत. अशी बॅटरी तिथे मिळते, तपासून मिळते, बसवूनही मिळते. ज्या कामाला अर्धा तास पुरला असता त्याला नऊ दिवस लागले, कारण ते काम करायची परवानगी कोणाला आहे हेच कुठे लिहिलेलं नाही.

मोठ्या बॅटरीला कोणीही हात घालावा असं मी अजिबात म्हणत नाही. नारंगी रंगाच्या केबलमधला डीसी करंट जीव घेतो. म्हणूनच तर कुठपर्यंत हात लावायचा आणि कुठे थांबायचं, हे मिस्त्रीला शिकवायला हवं. आज त्याला काहीच शिकवलं जात नाही, फक्त भीती घातली जाते. पेट्रोल गाडीला स्कॅनर लावून आमचा मिस्त्री फॉल्ट कोड, म्हणजे बिघाड सांगणारे आकडे, वाचतो. विजेच्या गाडीतले बॅटरीचे कोड मात्र कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये बंद असतात. ऑनबोर्ड, म्हणजे गाडीतच बसवलेल्या, चार्जरचंही तसंच. आमच्या लाइनवर संध्याकाळी व्होल्टेज एकशेऐंशीवर येतं आणि रात्री मोटरपंप बंद झाले की एकदम चढतं. चार्जरमधला एखादा भाग जळला तर तेवढाच बदलून मिळत नाही, अख्खा डबा बदला म्हणतात. आणि तो डबा यायला किती दिवस लागतील, ते कोणी सांगत नाही.

आमचे लोक नवं शिकत नाहीत, हे मला मान्य नाही. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली तेव्हा अँबेसिडरचे मिस्त्री म्हणायचे की ही जपानी गाडी आपल्याला कळायची नाही. काही वर्षांत तिचं तीन सिलिंडरचं इंजिन गल्लोगल्ली उतरवलं जाऊ लागलं. पुढे कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन आलं, तेव्हा त्याच लोकांनी पदरचे पैसे घालून स्कॅनर घेतले. आणि आमची शकुंतला आठवा. यवतमाळहून दारव्ह्यावरून मूर्तिजापूरला जाणाऱ्या त्या नॅरोगेज गाडीचं वाफेचं इंजिन १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं. १९९४ पर्यंत ते याच रुळांवर धावलं. एवढी वर्षं ते चालतं ठेवणारे हात इथलेच होते. दर बिघाडाला ते बोटीत घालून कोणी मँचेस्टरला नेलं नाही.

सरकारने विजेच्या कारला समृद्धीवर टोल माफ केला, जीएसटी पाच टक्क्यांवर ठेवला. दोन्ही निर्णयांचं मी मनापासून स्वागत करतो; कारंज्याहून समृद्धीवर चढताना मला त्याचा लाभ होतो. पण केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच वर्षी पोर्टलही काढलं, आणि त्यात मोबाइल, घरगुती उपकरणं, शेतीची अवजारं यांच्यासोबत मोटारगाड्याही घेतल्या. माझ्या अंगणात उभ्या असलेल्या गाडीपर्यंत तो हक्क अजून आलेला नाही. सवलत घेणाऱ्या प्रत्येक कंपनीवर तीन बंधनं घालावीत, असं मला वाटतं. बाहेरच्या मिस्त्रीने कोणती कामं केली तर वॉरंटी जात नाही, हे मराठीत छापून गाडीसोबत द्यावं. फॉल्ट कोड वाचायचं सॉफ्टवेअर वाजवी दरात विकावं. आणि जिथे गाड्या विकल्या जातात त्या प्रत्येक जिल्ह्यात, यवतमाळ, वाशीम, बुलडाण्यातही, निदान सुरक्षिततेचं प्रशिक्षण द्यावं. आयटीआयमध्ये विजेच्या गाड्यांचा ट्रेड सरकारने आणला आहेच. पण ज्या पोराने खरी बॅटरी कधी उघडी पाहिलीच नाही, तो बाहेर पडून काय दुरुस्त करणार?

हे पत्र वाहन कंपन्यांपैकी कोणी वाचलं तर माझी एक विनंती आहे. माझ्या बॅटरीच्या वॉरंटीची अजून सहा वर्षं बाकी आहेत. ती शाबूत राहील असं लेखी द्या आणि एक जाणकार माणूस आठ दिवसांसाठी पाठवा. गाडी मी आयटीआयच्या अंगणात आणून उभी करतो, पोरांना त्याच्या देखरेखीखाली तिचं बॉनेट उघडू द्या. मिस्त्रींना मी विचारलं आहे. ते दुकान बंद ठेवून यायला तयार आहेत.

आपला नियमित वाचक,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ