तिसऱ्या मजल्यावरून

नागपूर,
रविवार, दुपार

ती. आई-बाबांस,
सा. न.

फोनवर सांगितलं असतं. पण फोनवर आई आधी रडते, बाबा आधी "ठीक आहे" म्हणतात, आणि पुढचं बोलायचं राहूनच जातं. म्हणून लिहिते आहे. चष्मा लावून सावकाश वाचा.

मी होस्टेल सोडलं. एक तारखेलाच. सुभाषनगरात दोन खोल्या-किचन घेतलं. मी, यवतमाळची एक आणि गोंदियाची एक, अशा तिघी आहोत. आज सातवा दिवस.

आधी सांगायला हवं होतं, कबूल. पण सांगितलं असतं तर तुम्ही दोघं पहिल्या बसने गणेशपेठला उतरला असता, बाबांच्या खिशात टेस्टर आणि आईच्या दोन्ही हातांत पिशव्या. हिंगणघाट ते नागपूर, ते पण या उन्हात. आणि कारण काही चैनीचं नाही. माझे प्रयोग रात्री अकराच्या आधी संपत नाहीत आणि होस्टेलचं फाटक दहाला बंद. गेल्या सत्रात चारदा अर्धवट टाकून पळत आले, चारही वेळा सगळं पुन्हा केलं. आता उशीर झाला तर गोंदियावाली आणि मी एकाच गाडीवर येतो, ती त्याच लॅबमध्ये आहे. सकाळी मेट्रोच्या ॲक्वा लाईनने थेट शंकरनगर. काकांकडे मानेवाड्याला का नाही राहिले, ते नका विचारू. तुम्हालाही माहीत आहे. दिवाळीत जाईन, नमस्कार करीन, चिवडा खाईन आणि संध्याकाळी परत येईन.

बाबा, तहसील कचेरीत एकतीस वर्षं काढलेला माणूस पहिला प्रश्न कोणता विचारणार ते ठाऊक आहे. करार नोंदवला आहे. घरमालक म्हणत होते, "स्टँपवर लिहून देतो ना, कायले भानगडीत पडता?" मी तुमचाच आवाज काढला. १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा, कलम ५५. करार लेखी पाहिजे, नोंदवलेला पाहिजे, आणि नोंदवायची जबाबदारी मालकाची. नाही नोंदवला आणि उद्या वाद झाला, तर मालक उलटं सिद्ध करेपर्यंत भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरतात. हे शेवटचं वाक्य ऐकल्यावर त्यांनी पाणी मागवलं. दोन दिवसांत एक मुलगा अंगठ्याचं मशीन घेऊन घरीच आला. अकरा महिने, भाडं तिघींत मिळून १२,०००, डिपॉझिट २४,०००, तेही खात्यातून, रोख नाही. पाव टक्का मुद्रांक शुल्क आणि १,००० रुपये नोंदणी फी, अर्धी त्यांची, अर्धी आमची. पोलिसांकडे आमची माहिती त्यांनीच भरली.

राहायला आलो त्या दिवशी मीटरच्या आकड्याचा, भिंतीच्या ओलीचा, मोरीतल्या फुटक्या टाईलचा आणि गळक्या नळाचा फोटो काढून घरमालकांनाच पाठवून दिला. जाताना "तुम्हीच फोडलं" नको. आधीच्या भाडेकरूचं वीजबिल थकलेलं नाही, हे महावितरणच्या ॲपवर ग्राहक क्रमांक टाकून पाहिलं. आणि पैसे देण्याआधी सकाळी सातला येऊन नळ सोडून पाहिला. दुपारी तीनला पुन्हा आले, पश्चिमेची खिडकी किती भाजते ते बघायला. वर अजून एक मजला आहे, त्यामुळे स्लॅब तापत नाही.

कूलरचं मुद्दाम लिहिते. आपल्या मागच्या अंगणातल्या कूलरचा शॉक मी विसरलेली नाही. सीताबर्डीहून आणला, नवा, ताट्या वाळ्याच्या. पण चालू केला तो इलेक्ट्रिशियनने अर्थिंग तपासल्यावरच. तीन पिनांचा प्लग आहे, एक्स्टेन्शन बोर्डवर नाही, भिंतीतल्या मोठ्या सॉकेटवर. शॉक लागला तर आपोआप पडणारा स्विचही बसवून घेतला. पाणी भरताना प्लग काढूनच भरायचं, असं दारावर लिहून चिकटवलंय. दर शनिवारी टाकी रिकामी करून, घासून, वाळवायची, डेंग्यूचे डास नकोत म्हणून. झालं समाधान?

आई, आता तुझं. जेवते आहे. पाच किलोचा छोटा सिलिंडर घेतला, त्याला घराचा पुरावा लागत नाही, ओळखपत्रावर मिळतो. कुकर आहे, तवा आहे, सराटा, सांडशी, पोळपाट-लाटणं आहे. पहिल्या रात्री मात्र फजिती झाली. तिघींच्या घरून मिळून लोणच्याच्या चार बरण्या, जवसाची चटणी, खारोड्या, आणि मीठच नाही! बाथरूमला बल्ब नव्हता. कपड्यांना दोरी नव्हती. दाराला घरमालकांचं जुनं कुलूप, त्याच्या किल्ल्या किती जणांकडे असतील देव जाणे. ते आधी बदललं. लोक भांडी-गाद्यांच्या याद्या करतात, पण रात्री नऊला लागतं ते मीठ, बल्ब, दोरी, पायपुसणं आणि कुलूप. मी बिन मिठाचा वरण-भात लोणच्याशी खाल्ला आणि तुझी आठवण आली. माझ्या दप्तराच्या पट्ट्याला आतून तू लाल दोऱ्याने "चिमी" शिवायचीस, हरवू नये म्हणून. दप्तर की मी, ते कधी विचारलं नाही.

बरं. जे लिहायचं म्हणून बसले ते अजून लिहिलंच नाही.

लिफ्ट नाही. तिसरा मजला आहे, एकोणपन्नास पायऱ्या. गोपालनगरात एक तळमजला होता. भाडं तीन हजार जास्त, खिडकीला जाळी नाही, दिवसा दिवा लावायला लागायचा, अशी कारणं मी स्वतःला सांगितली, आणि ती खोटी नाहीत. पण आई, करारावर अंगठा ठेवताना तुझे गुडघे मला आठवलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी गादी वर चढवत होतो, तेव्हा दुसऱ्या मजल्याच्या वळणावर आठवले. तिथेच बसले थोडा वेळ. पोरींना वाटलं दमले.

तू येऊ नये म्हणून हे घर घेतलं, असं चुकूनही मनात आणू नको. प्लास्टिकच्या दोन खुर्च्या आणल्यात. तू येशील तेव्हा एक पहिल्या आणि एक दुसऱ्या मजल्यावर ठेवीन, बसत बसत ये. खालच्या काकू म्हणाल्या, आई आल्या की आधी आमच्याकडे चहा. पण या उन्हात नको, पाऊस स्थिरावू दे. एप्रिलअखेर करार संपतो, पुढचं घर तळमजल्यावरचंच बघणार. तोवर एक आड एक शनिवार मीच येते.

आता मुकाट ऐका दोघांनी. बाबा, बारा ते चार स्कूटर बाहेर काढायची नाही, पेन्शनचं काम असलं तरी. शुगरची तीन महिन्यांची तपासणी या महिन्यात आहे, फोन करून विचारीन आणि रिपोर्टचा फोटो मागीन. आई, बी.पी.ची गोळी "आज बरं वाटतंय" म्हणून सोडायची नाही, ती बरं वाटण्यासाठीच असते. डोळ्यांचे थेंब फ्रीजच्या दारात आहेत, विळीच्या कोनाड्यात शोधू नका.

आणि बसच्या कंडक्टरजवळ डबे पाठवू नका. मागच्या वेळी लाडूंचा चुरा मिळाला. (खाल्ला, ते वेगळं.)

एकच वस्तू हवी आहे. माळ्यावरचा मधला गंज, ज्यावर तुझं माहेरचं नाव कोरलंय. इथे तिघींचा भात आमच्या भांड्यात मावत नाही. पण तू स्टुलावर चढायचं नाही, बाबांनाही चढू द्यायचं नाही. मी पुढच्या शनिवारी येऊन काढते.

तुमची,
चिमी

ता. क. मीठ आणलं. दोन किलो.