आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र: आळस आमचा, आणि तुमचा?

मा. आरोग्यमंत्री महोदय,

स. न. वि. वि.

मंगळवारी सरकारी रुग्णालयात जे झालं, त्यानंतर क्षेमकुशल विचारण्याइतका धीर माझ्यात उरलेला नाही.

गुडघा सुजला म्हणून गेले होते. रक्तदाब मोजायचा पट्टा दंडाला पुरेना. सिस्टरने तो ओढूनताणून बसवला आणि आकडा भलताच वर गेला. पट्टा दंडाच्या मानाने लहान असला की दाब आहे त्याहून जास्त दिसतो, हे मलाही माहीत आहे. मोठा पट्टा नाही, ‘मागणी पाठवली आहे.’ डॉक्टरांनी गुडघ्याला हात न लावताच लिहिलं, ‘वजन कमी करा.’ मागे रांगेत कोणीतरी हसलं.

वजनाने काय होतं ते मला पाठ आहे. मधुमेह, हृदयविकार, यकृतात चरबी, शिवाय 13 प्रकारच्या कर्करोगांचा वाढलेला धोका. रात्री झोपेत माझा श्वास अडकतो, घरचे हलवून उठवतात, मग दिवसभर मी कामावर पेंगते. लोक म्हणतात, खाऊन सुस्तावली! अहो, उपाशी राहून उतरवलंय मी वजन, एकदा नव्हे. ते परत चढतं, कारण वजन उतरलं की शरीर भूक वाढवतं आणि ऊर्जा जपून खर्च करतं. आहे त्या वजनाच्या 5 ते 10 टक्के जरी घटले तरी साखर आणि दाब सुधारतात, हे एकाही डॉक्टरने मला सांगितलं नाही. सगळ्यांना एकदम शिडशिडीत बाई हवी.

आणि आपण परवा भर सभेत लठ्ठपणाचं खापर लोकांच्या आळसावर फोडलंत. टाळ्याही मिळाल्या. जागतिक आरोग्य संघटना सांगते, 2022 मध्ये जगात दर आठ माणसांमागे एक लठ्ठ होता. 1990 पासून प्रौढांमधलं प्रमाण दुपटीहून जास्त, किशोरवयीन मुलांमधलं चौपट. म्हणजे तीसेक वर्षांत सगळी दुनिया आळशी झाली म्हणायची! बारा-तेरा वर्षांची पोरंसुद्धा!

पाकिटांवर दर्शनी बाजूला साखर-मीठ-चरबीचा ठळक इशारा छापू, हे वचन निवडणुकीत कोणी दिलं होतं? चिलीने 2016 मध्ये काळे अष्टकोनी शिक्के मारून दाखवले. मेक्सिकोने 2014 मध्येच गोड पेयांवर कर लावला. आपण समिती नेमलीत, तीत पाकिटं विकणारेही घेतलेत. शालेय क्रीडास्पर्धेचं उद्घाटन करताना आपल्या मागे फलक शीतपेयाचा होता. फोटो छान आलाय.

मागण्या फार नाहीत: प्रत्येक दवाखान्यात मोठे पट्टे, भक्कम वजनकाटे, आहारतज्ज्ञ, झोपेतल्या श्वासाची तपासणी. आणि तो इशारा.

आठवड्याला 150 मिनिटं चाला, असं आपलं खातं भिंतीभिंतीवर रंगवतं. कुठे चालू? पदपथावर गाड्या, बागेला कुलूप. दोन पाळ्या करून घरी येणाऱ्याने काय शिजवायचं आणि कधी? वजन उतरवणारी नवी इंजेक्शनं आली आहेत. ती थांबवली की बहुतेकांचं वजन पुन्हा वाढतं, म्हणजे वर्षानुवर्षं घ्यायची. श्रीमंत घेतील. आम्हाला भाषण. रस्ते एका खात्याकडे, बागा दुसऱ्या, जाहिराती तिसऱ्या, आणि जबाबदारी तेवढी माझ्या एकटीच्या पोटावर! कर घेताना मात्र कुठलंच खातं मला विसरत नाही.

छापील पोच पाठवू नका. उत्तर आपल्या सहीचं हवं, तारखांसकट.

आपली,
एक मतदार