बाबा, ग्रुपवरच्या त्या मेसेजबद्दल

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवर हा विषय निघाला की बाबा तुम्ही चिडता आणि आई मधेच "जेवलीस का" विचारते, म्हणून लिहूनच पाठवतेय, सावकाश वाचा. परवा भावकीच्या ग्रुपवर तुम्ही टाकलंत ना, ओढ्याकडेला पारध्यांची पालं पडलीयेत, मोटरी-केबली सांभाळा, ते काही माझ्या डोक्यातून जाईना.

तुमचं म्हणणं मला पाठ आहे, "उगाच कोणी कुणाचं नाव घेत नाही, आम्ही अनुभवावरून बोलतो." बरं, कुठला अनुभव? आपल्या विहिरीवरची केबल गेली तेव्हा पोलिस पहिले पालावरच गेले, दोन बाप्ये उचलले, रात्रभर ठेवून घेतले, काही सापडलं नाही तसं सोडलं, पण गावात राहिलं काय तर "पारध्यांना नेलं होतं". म्हणजे दरवेळी शोधायचं तिथंच, नाव लिहायचं तिथलंच, आणि मग त्याच वहीवर बोट ठेवून म्हणायचं बघा रेकॉर्ड! आणि विजेच्या डीपीतलं तेल काढणारी पोरं कुणाची निघाली ते मी इथं लिहीत नाही, तुम्हाला माहितीये. त्यावरून आपल्या आख्ख्या आडनावाला कोणी चोर म्हणलं का? पोरं वाया गेली म्हणले, झालं. पारध्यांच्यात कोणीच चोरी करत नाही असं मी म्हणतच नाहीये, पण आपल्यातल्याने केली की ती त्याची एकट्याची, आणि त्यांच्यातल्याने केली की जातीची, हा कुठला हिशोब?

हा शिक्का मुळात सरकारी आहे बाबा. 1871 साली इंग्रजांनी कायदा केला, त्यात जातीच्या जाती गुन्हेगार म्हणून नोंदवायची सोय होती, गुन्हा केलेला असो नसो. हजेरी लावायची, परवानगीशिवाय हलायचं नाही. सोलापुरात तारेचं कुंपण घालून माणसं ठेवली होती, आजही त्या भागाला सेटलमेंटच म्हणतात, तुम्ही बाजारला जाताना कितीदा गेला असाल तिथनं. तो कायदा गेला 31 ऑगस्ट 1952 ला, म्हणजे आपण झेंडे लावल्यावर पाच वर्षं सोळा दिवसांनी. आणि तुरुंगांच्या नियमावल्यांमधून तर जातीवरून कामं वाटणं आणि विमुक्त जातींना, म्हणजे त्या कायद्यातून सुटलेल्यांना, सराईत गुन्हेगार धरणं काढून टाका असं सुप्रीम कोर्टाला 3 ऑक्टोबर 2024 ला सांगावं लागलं. पोलिसांनाही बजावलंय की या लोकांना मनमानी अटक करू नका. सत्तर वर्षांनी!

तुम्ही म्हणाल पुणेकरांना पण सगळे नावं ठेवतात, त्यांचं काय बिघडतं. काहीच नाही बिघडत, तेच तर सांगतेय. पुणेकर म्हणलं की लोक हसतात आणि फ्लॅट भाड्याने देतात. पारधी म्हणलं की शाळेत पोराशेजारी कोणी बसत नाही आणि रानात साधं लाकूड वेचलं तरी काठी घेऊन धावतात.

आई, तुझ्यासाठी एक. डवरी गोसावी दारात आले की तू सुपातनं पीठ घालायचीस, आजी त्यांना ओट्यावर बसवून घरातल्यांची ख्यालीखुशाली सांगायची. तसलेच पाच जण, मंगळवेढ्याकडचे, 1 जुलै 2018 ला धुळ्याच्या राईनपाड्यात आठवडी बाजारात गेले होते. व्हॉट्सॲपवर फिरत होतं की पोरं पळवणारी टोळी आलीय. ग्रामपंचायतीच्या खोलीत घालून मारलं त्यांना, पाचही गेले. भिक्षा मागून पोट भरणारी माणसं. तो मेसेज पहिल्यांदा ज्याने पाठवला असेल त्यालाही वाटलं असेल की आपण गावाला सावधच करतोय, आणि बाबा राग येऊ दे, तुमच्या मेसेजची भाषा मला तशीच वाटली म्हणून हे सगळं लिहायला बसले.

तो डिलीट करा. आता सगळ्यांसाठी होत नसेल तर ग्रुपवर एक ओळ टाका की असं लिहायला नको होतं, काकांना मी बघते. केबलची खरंच काळजी असेल तर पाइपात घालून गाडून घ्या, खर्च मी देते. पालावरची पोरं शाळेत जातात का तेवढं गुरुजींना विचारा, नसतील जात तर दाखल्याच्या कागदांचं मी बघेन, तालुक्याला ओळख आहे माझी.

आई, बीपीची गोळी जेवणानंतर नाही, सकाळीच. रविवारी फोन करते.

तुमची
मनू