रोबो राहू द्या, व्हायलचा भाव छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला नॅनो-उपचारांवरचा लेख वाचला. चित्र झकास होतं. रक्तवाहिनीतून हातात चिमटा घेऊन निघालेला इवलासा रोबो! लेखकमहाशयांच्या मते ही औषधं ‘येत्या दशकात’ यायची आहेत. अहो, कॅन्सरवरचं डॉक्सिल हे लायपोसोमवालं, म्हणजे स्निग्ध पदार्थाच्या नॅनो-पिशव्यांत भरलेलं औषध अमेरिकेत १९९५ सालीच मंजूर झालं. कोरोनाच्या घरगुती किटवर उमटणारी लाल रेघसुद्धा बऱ्याचदा सोन्याच्या नॅनोकणांचीच असते. आणि २०२१च्या मे महिन्यात तर आपल्याकडची माणसं एका नॅनो औषधासाठी दारोदार फिरत होती. तेव्हा आपलंच वर्तमानपत्र रोज त्या रांगांचे फोटो छापत होतं.

आमच्या भाऊजींना कोरोनापाठोपाठ म्युकर, म्हणजे काळ्या बुरशीचा आजार झाला. डॉक्टर म्हणाले, बुरशीवरचं लायपोसोमल ॲम्फोटेरिसिनच हवं. औषध जुनंच, पण शंभर नॅनोमीटरहून लहान स्निग्ध पिशव्यांत बसवलेलं, त्यामुळे किडनीला इजा बरीच कमी. किलोमागे रोज ५ मिलिग्रॅम. भाऊजी ऐंशी किलोचे, म्हणजे ५० मिलिग्रॅमच्या ८ व्हायल (इंजेक्शनच्या बाटल्या), त्याही रोज. मिळायच्या कधी दोन, कधी ‘उद्या बघू’. वाटप सरकारी यादीप्रमाणे. यादी कोणाकडे, ते कोणी सांगेना. शेवटी प्लेन ॲम्फो, म्हणजे तेच औषध त्या पिशव्यांविना, लावलं. सलाईन सुरू झालं की अशी हुडहुडी भरायची, की कॉट हलायची. किडनी बिघडल्याचं दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन चढत गेलं. वरचा जबडा ऑपरेशनमध्ये गेला तो गेलाच, किडनीही अधू झाली. १२ जूनला जीएसटी कौन्सिलने या औषधावरचा ५ टक्के कर माफ केला. आभारी आहोत. तोवर ताईच्या पाटल्या मोडून झाल्या होत्या.

एवढ्या पानभर लेखात किमतीचा शब्द नाही, तुटवड्याचा नाही. औषध थेट गाठीपर्यंत कसं पोहोचतं याची आकृती आहे. जिल्ह्याच्या इस्पितळापर्यंत कसं पोहोचतं, तेही कधी काढून दाखवा.

जाता जाता आणखी एक. त्याच पुरवणीच्या मागच्या पानावर ‘नॅनो’ तेलाची जाहिरात आहे, गुडघेदुखी सात दिवसांत गायब म्हणे. त्यात नॅनो काय आहे, हे आपल्या जाहिरात विभागाने विचारलं होतं का? त्या तेलाचा भाव मात्र ठळक छापलाय. ४९९ रुपये, घरपोच.

आपला,
एक जुना वर्गणीदार, अकोला