भाषणात राहून गेलेलं नाव

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं नाव इथं लिहीत नाही. तू आता पुण्यात कामाला आहेस, कुणी उगाच फोन करून तुला त्रास द्यायला नको. पण दोन ओळी वाचल्यास की तुला कळेल. आपल्या ग्रामपंचायतीत तू कॉम्प्युटरवर बसायचीस, म्हणून गावात सगळे तुला 'ऑपरेटर'च म्हणायचे, मीसुद्धा.

माझी सरपंचपदाची मुदत संपली. कपाटाच्या किल्ल्या दिल्या, चार्ज दिला. त्या दिवशी शाळेसमोर मंडप टाकून सत्कार ठेवला होता. शाल, श्रीफळ, फेटा सगळं झालं. बोलायला उभी राहिले आणि आठ-दहा जणांचे आभार मानले. खाली बसले तेव्हा लक्षात आलं की तुझं नाव राहून गेलं. घरी आले, ताट वाढलेलं होतं, घास उतरेना. चारचौघांत राहून गेलं ते चारचौघांतच फेडलं पाहिजे, म्हणून हे पत्र घरी न पाठवता सगळ्यांपुढं ठेवतेय.

मी सरपंच कशी झाले ते तू पाहिलंसच. १५ जानेवारी २०२१ ला मतदान झालं. त्या वेळी सरपंचपदाची सोडत निकाल लागल्यावर निघाली, आणि आपल्या गावाला बाईचं आरक्षण निघालं. दोन दिवस पॅनलवाल्यांच्या बैठकांवर बैठका झाल्या. चहा मी करत होते. तिसऱ्या दिवशी मलाच सांगितलं, "काकू, तुमचं नाव ठरलंय. तुम्हाला काही ताप नाही. नुसती सही करायची, बाकी आम्ही बघतो."

ही 'बाकी आम्ही बघतो' माझ्या घराला नवी नव्हती. १९९३ साली कायदा आला आणि पंचायतीत बायकांना एक तृतीयांश जागा मिळाल्या. माझ्या थोरल्या जाऊबाई २००५ साली त्यातूनच सरपंच झाल्या. पाच वर्षं. त्या पाच वर्षांत त्यांनी सरपंचाचा शिक्का हातात धरला नाही. तो आमच्या दिरांच्या सदऱ्याच्या खिशात असायचा. सदरे धुवायला मी न्यायचे, खिसे तपासायचे, आणि तंबाखूच्या पुडीबरोबर शिक्का बाहेर काढून फळीवर ठेवायचे. जांभळी शाई लागायची बोटांना. सरपंचीणबाई तेव्हा तिकडं भाकरी थापत असायच्या. पुढं २०११ ला आपल्या महाराष्ट्रात निम्म्या जागा बायकांच्या झाल्या. जागा वाढल्या, खिसे तेच राहिले.

मला शिकवायला माणसं आली नाहीत असं नाही. तालुक्याला तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं. पडद्यावर अक्षरं पळत होती, कलमं सांगत होते. आम्ही बायका पुढं, आमचे मालक मागं भिंतीला टेकून, आणि प्रश्न विचारला की उत्तर भिंतीकडून यायचं. शिकवणाऱ्यांनी एकदाही म्हटलं नाही, की पुरुषमंडळींनी जरा बाहेर थांबा. दर ८ मार्चला नारळ आणि ब्लाऊजपीस मात्र न चुकता मिळायचा. ज्यांच्या हाताखाली हे सगळं होतं ती शिकलेली, मोठ्या पगाराची माणसं होती. त्यांना जमलं नाही ते बारावी आणि एमएससीआयटी झालेल्या, एसटीनं तुळजापूरला जाऊन टायपिंग शिकलेल्या तेवीस वर्षांच्या पोरीला जमलं. हे मी आज रागानं लिहितेय आणि राग खरा आहे.

आता त्या दुपारचं सांगते.

२०२१ चा जून होता. तोंडाला मास्क, कार्यालयात तू, मी आणि ग्रामसेवक भाऊसाहेब. माझं डोंगल, म्हणजे कॉम्प्युटरला लावून सही करायची काडी, आलं होतं. पंधराव्या वित्त आयोगाचा, म्हणजे दिल्लीहून गावाला यायचा तो पैसा चेकनं निघत नव्हता, सरपंच आणि ग्रामसेवक दोघांच्या डोंगलवरून निघायचा, हे मला तेव्हा धड माहीतही नव्हतं. बोटाएवढी काडी ती. भाऊसाहेबांनी ती पाकिटातून काढली आणि आपल्या टेबलाच्या खणात टाकली. "इथंच राहू द्या, हरवेल. पिन एक ते आठ आहे, ओळीनं. फाईलवर लिहून ठेवतो." त्यांच्या मनात वाईट होतं असं मी म्हणणार नाही. सगळ्या गावांत तसंच चालत होतं.

तू उठलीस. खण उघडून काडी काढलीस आणि माझ्या हातात दिलीस. "काकू, ही तुमची सही आहे. घरी घेऊन जायची." मग मला तुझ्या खुर्चीवर बसवलंस, काडी मशीनला लावलीस, आणि म्हणालीस, "आता नवा पिन टाका. तुम्हाला आठवेल असा. मला सांगू नका."

मी म्हटलं, "तूच टाक गं बाई, मला कुठं येतंय."

तू म्हणालीस, "मी नाही टाकणार."

आणि तू तोंड फिरवलंस. भिंतीवर पतसंस्थेचं कॅलेंडर होतं, त्याच्याकडं बघत उभी राहिलीस. पाठ माझ्याकडं. मी एका बोटानं एकेक आकडा शोधत होते, दोनदा चुकले, मशीननं लाल अक्षरं दाखवली. तू वळली नाहीस. "सावकाश, काकू," एवढंच म्हणालीस कॅलेंडरकडं बघत. भाऊसाहेब खाकरले, उठून बाहेर गेले.

पोरी, माझं लग्न अठराव्या वर्षी झालं. त्यानंतर माझं म्हणून जे जे आलं त्यात कुणी ना कुणी डोकावलंच. बँकेचं पासबुक मालकांकडं, मोबाईल पोरांच्या हातात, बचत गटाचा हिशोब लिहायला दुसरं कुणीतरी. माझ्यासाठी कुणी तोंड फिरवून उभं राहिलं, हे त्या दिवशी पहिल्यांदा घडलं. मी सरपंच झाले ती फेब्रुवारीत गुलाल पडला तेव्हा नाही, जूनमधल्या त्या दोन-तीन मिनिटांत झाले.

त्यानंतर तू मला पडदा वाचायला शिकवलंस. इंग्रजी नाही शिकवलंस, चार शब्दांच्या चेहऱ्यांची ओळख करून दिलीस. पैसे कुणाला, कशासाठी, किती, आणि खाली दोन बटणं, एक मंजूर करायचं, एक परत पाठवायचं. आयोगाच्या पैशाचं गणित तू बाजाराच्या पिशवीवर सांगितलंस: शंभरातले साठ रुपये पाणी आणि स्वच्छतेवरच घालायचे, चाळीस गावाच्या गरजेप्रमाणे, पण पगाराला नाही. तीन दिवसांच्या प्रशिक्षणात जे डोक्यात शिरलं नाही ते एका पिशवीत बसलं.

आणि मग ते गटाराचं बिल आलं. कागदावर ऐंशी मीटर. तू काही बोलली नाहीस, फक्त आकड्यावर बोट ठेवून थांबलीस. मी डोंगल काढून पदराला बांधलं, बचत गटातल्या चौघी बरोबर घेतल्या, बैलाचा कासरा टेपनं मोजून घेतला आणि गटाराच्या कडेनं चालत गेलो. बावन्न भरलं. उन्हात उभं राहून दोनदा मोजलं. दुसऱ्या दिवशी मी ते बिल परत पाठवलं. संध्याकाळी अंगणात सहा मोटरसायकली उभ्या होत्या. मालक आधी चिडले, मग गप्प झाले, आणि मग आलेल्या मंडळींना म्हणाले, "पिन मला माहीत नाही. तिलाच विचारा." त्यांना खरंच माहीत नव्हता. तुझं ते पाठ फिरवणं त्या रात्री आमच्या घराच्या कामी आलं. पुढं गटार पुरं झालं, मगच पैसे गेले.

त्याची किंमत तू मोजलीस, मी नाही. 'सरपंचाला हिनंच फितवली' असं पारावर बोललं गेलं. तुझ्या आईला पाण्यावर टोमणे मारले. तुझं मानधन आधीच कधी चार महिने, कधी सहा महिने थकायचं. तुम्ही परिचालक मंडळी आझाद मैदानावर जाऊन बसलात, परत आलात, तरी हातात काही पडलं नाही. मी ठराव केला, पंचायत समितीत दोनदा जाऊन आले, साहेबांनी चहा पाजला. शेवटी एक दिवस तू चाव्या टेबलावर ठेवून म्हणालीस, "काकू, पुण्याला जाते." २०२४ ला सरकारनं सरपंचांचं मानधन दुप्पट केलं, आपल्यासारख्या लहान गावाला तीन हजाराचे सहा हजार झाले. पहिले सहा हजार खात्यात आले तेव्हा मला तूच आठवलीस. मला माझ्या हक्काची ओळख करून देणाऱ्या पोरीला तिच्या हक्काचे पैसे मी मिळवून देऊ शकले नाही, हे मला बोचतं आणि ते मी इथं सगळ्यांसमोर लिहून ठेवते.

पोरींना कामधंदा द्या, बायकांना राजकारणात आणा, असं भाषणांत पुष्कळ ऐकते. बाईला खुर्ची मिळाली की काम झालं असं धरून चालतात. अगं, खुर्चीशेजारी मशीनवर बसलेल्या पोरीला वेळेवर पगार मिळाला, तर खुर्चीवरची बाई आपोआप बोलायला लागते. मला हे कुठल्या पुस्तकातून कळलं नाही, तू गेल्यावर नवा ऑपरेटर आला तेव्हा कळलं. त्यानं पहिल्याच दिवशी विचारलं, "मॅडम, पिन काय आहे?"

चांगली माणसं मी आयुष्यात बरीच पाहिली. पंढरीच्या वाटेवर अनोळखी बाईच्या पायांना तेल चोळणारी माणसं पाहिली. रात्री-अपरात्री बाळंतिणीबरोबर दवाखान्यात जाणाऱ्या आपल्या आशाताई पाहिल्या. पण एखाद्याच्या वस्तूवर सहज हात ठेवता येत असताना तो मागं घेणारं माणूस फार थोडं भेटतं. तुला पिन माहीत असता तर तुझंच काम सोपं झालं असतं. मी शेतात असले की दर वेळी बोलावणं धाडायला लागायचं, तासतास वाट बघायला लागायची. तू वाट बघितलीस, कधी कुरकुरली नाहीस.

आता गावाकडचं थोडं सांगते. गल्लीतल्या तिघी पोरी टायपिंगला जातात, एसटीचा पास मी काढून दिला. गटातल्या दोघी पुढच्या निवडणुकीला उभं राहायचं म्हणतात, आणि त्यांचे मालक आले की मी त्यांना ओट्यावर चहा देते, आत बैठकीत घेत नाही. गटाच्या बायकांच्या मोबाईलवर आता पैसे येतात-जातात. परवा एकीनं फोन माझ्या हातात दिला, "काकू, तुम्हीच टाका की आकडे, माझ्या लक्षात राहत नाही."

मी फोन तिच्या हातात परत दिला आणि कॅलेंडरकडं तोंड करून उभी राहिले. ती बराच वेळ लावत होती. मी म्हटलं, "सावकाश."

दिवाळीला आलीस की आधी माझ्याकडं ये, मग घरी जा. तुझ्या आईला मी सांगून ठेवलंय.

तुझी,
सरपंच काकू