आर्चबिशपांच्या पदव्या जरा नीट लिहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मे २०२५ मध्ये नव्या पोपच्या निवडीच्या बातम्या चालू होत्या तेव्हापासून हे पत्र लिहीन लिहीन म्हणतोय. गोव्याचे आर्चबिशप कार्डिनल फिलिप नेरी फेर्रांव मतदानासाठी रोमला गेले होते, आणि त्यांच्याविषयी एका ठिकाणी वाचलं की ते पूर्वेकडच्या सगळ्या देशांतल्या कॅथलिकांचे प्रमुख आहेत, दुसरीकडे वाचलं की कार्डिनल झाल्यावर त्यांना पॅट्रिआर्क (आर्चबिशपच्याही वरचा मान) ही पदवी मिळाली. दोन्ही चूक. कार्डिनल ते २०२२ च्या ऑगस्टमध्ये झाले, ते पोपनी त्यांना व्यक्तिशः दिलेलं पद. ईस्ट इंडीजचा पॅट्रिआर्क ही पदवी मात्र गोव्याच्या गादीची आहे, जो कोणी तिथला आर्चबिशप होतो त्याला ती आपोआप लागते. आणि अधिकार म्हणाल तर काही नाही. १९८३ च्या चर्चच्या कायद्यात कलम ४३८ मध्ये सरळ लिहिलंय की लॅटिन चर्चमध्ये पॅट्रिआर्क आणि प्रायमेट या मानाच्या पदव्या आहेत, त्यातून राज्यकारभाराचा हक्क येत नाही.

मग एवढी मोठी पदवी आली कुठून? मला वाटतं हेच खरं सांगण्यासारखं आहे आणि हेच कुणी सांगत नाही.

गोव्याचा धर्मप्रांत (बिशपचा इलाखा) १५३३-३४ चा, १५५८ ला तो महाधर्मप्रांत (आर्चबिशपचा इलाखा) झाला, आणि पुढे तिथल्या आर्चबिशपला पूर्वेचा प्रायमेट म्हणायला लागले. तेव्हा ते नुसतं नाव नव्हतं, कोचीन काय आणि मलाक्का काय, सगळे बिशप गोव्याच्या हाताखाली. कारण पाद्रोआदो. म्हणजे पोर्तुगालच्या राजाने चर्च बांधायची, पाद्री पाठवायचे, खर्च करायचा आणि बदल्यात बिशप कोण होणार ते त्याने सुचवायचं. पुढे पोर्तुगालची ताकद कमी झाली, डच आले इंग्रज आले, आणि रोमने आपली स्वतःची माणसं परस्पर पाठवायला सुरुवात केली. त्यातलं पहिलं मोठं नाव आपल्याच मातीतलं, गोव्याच्या दिवाडी बेटावरचे मातेउश द काश्त्रु. गोव्याच्या आर्चबिशपने त्यांना दीक्षा द्यायला नकार दिला तर ते रोमला गेले, तिथे पाद्री झाले आणि १६३७ मध्ये बिशप होऊन आदिलशाही मुलखात आले, डिचोलीला राहिले. पण पदवी कुठली? क्रिसोपोलिसचे बिशप! क्रिसोपोलिस म्हणजे अरबस्तानातलं कधीकाळचं गाव, जिथे त्यांचा एकही माणूस नव्हता. बिशपला कुठल्यातरी जागेचं नाव लागतंच, आणि गोव्याच्या हद्दीतली जागा दिली तर पोर्तुगाल भांडणार, म्हणून अशी लांबची जागा. अशा पदवीला आता टिट्युलर म्हणतात.

हे भांडण अडीचशे वर्षं चाललं. मुंबईत तर एकाच वस्तीत एक चर्च गोव्याच्या बाजूचं, एक रोमच्या बाजूचं. शेवटी २३ जून १८८६ ला पोप तेरावे लिओ आणि पोर्तुगाल यांच्यात करार झाला. पाद्रोआदोकडे गोवा, दमण, कोचीन आणि मैलापूर एवढंच उरलं, बाकी भारत रोमकडे, मुंबईचा वेगळा महाधर्मप्रांत त्याच वर्षी झाला. आणि एवढं सगळं हातातून गेलं त्याची भरपाई म्हणून गोव्याच्या आर्चबिशपला ईस्ट इंडीजचा पॅट्रिआर्क ही मानाची पदवी दिली. पहिले पॅट्रिआर्क आंतोनियु सेबाश्तियांव व्हालेंत. म्हणजे बघा, अधिकार गेला तेव्हा पदवी आली. सगळ्या भारताच्या धर्मपरिषदेचं अध्यक्षपद पॅट्रिआर्कने करायचं असा एक मान करारात होता, पण १९५० मध्ये बंगळूरला भारताची प्लेनरी कौन्सिल, म्हणजे अशीच देशभराची धर्मपरिषद, भरली तेव्हा अध्यक्ष होते सिडनीचे कार्डिनल गिलरॉय, पोपचे प्रतिनिधी म्हणून.

हे फक्त गोव्याचं नाही. व्हेनिसला पॅट्रिआर्क १४५१ पासून, लिस्बनला १७१६ पासून, आणि स्पेनच्या राजासाठी १५२४ मध्ये वेस्ट इंडीजचा पॅट्रिआर्क केला, तो तर राहायचा राजाच्या दरबारात, ती जागा १९६३ पासून रिकामी आहे.

आता मी वसईकर, मला एवढं का लागतं तेही सांगतो. आमच्या आजीचा बाप्तिस्म्याचा दाखला घरी आहे, १९२१ चा, कागद चार घड्यांवर फाटलेला, शाई तपकिरी झालेली, मजकूर पोर्तुगीज. वर धर्मग्रामचं नाव आणि त्याखाली दिओसेझ द दमांव, म्हणजे दमणचा धर्मप्रांत. लहानपणी मला कळायचंच नाही, आपण वसईचे, मग दमण कुठून आलं. १७३९ ला चिमाजी आप्पांनी वसई घेतली, पोर्तुगीज सत्ता गेली, पण चर्चचा कारभार पाद्रोआदोकडेच राहिला आणि १८८६ नंतर आम्ही दमणच्या बिशपकडे गेलो. त्या दमणच्या बिशपला आणखी एक मानाची पदवी होती, क्रांगानोरचे आर्चबिशप. क्रांगानोर म्हणजे केरळातलं कोडुंगल्लूर, तिथला जुना महाधर्मप्रांत १८८६ ला बंद झाला आणि नाव दमणच्या बिशपला दिलं. आजीने जन्मात कोडुंगल्लूर पाहिलं नाही, पण तिच्या बिशपच्या नावात ते होतं. १९२८ ला दमणचा धर्मप्रांत मोडला, आम्ही मुंबईकडे आलो, दमण गोव्याला जोडलं आणि क्रांगानोरची पदवीही गोव्याला गेली. म्हणून आज गोवा आणि दमणचे आर्चबिशप असं लिहितात, त्यातला दमण हा शब्द त्या दाखल्यावरचा दमण आहे.

अजून एक. आमच्या वसईत २००९ ते २०२४ बिशप होते फेलिक्स मच्याडो, त्यांना सगळे आर्चबिशप म्हणायचे आणि पेपरवाले वसईला महाधर्मप्रांत लिहायचे. वसई १९९८ पासून साधा धर्मप्रांत आहे, मुंबईच्या महाधर्मप्रांताखाली. आर्चबिशप ही त्यांची व्यक्तिगत पदवी होती, गादीची नव्हे, त्यांच्यानंतर जे आले ते बिशप आहेत. तेव्हा लोक विचारायचे की वसईचा दर्जा कमी केला का, आणि त्या बिचाऱ्या लोकांची काही चूक नव्हती, त्यांनी छापलेलं वाचलं होतं.

माझी विनंती एवढीच की बातमी करताना तीन गोष्टी विचारून घ्या: पदवी माणसाची आहे की गादीची, तिच्यात अधिकार आहे की मान, आणि ती कुठल्या साली आली. पणजीत आल्तिन्होवर फोन केला किंवा इथे कुठल्याही फादरना विचारलं तर पाच मिनिटांत कळतं. आणि ईस्ट इंडीजचं भाषांतर पूर्वेकडचे सगळे देश असं करू नका, ईस्ट इंडीज तसंच ठेवा, ते त्या करारातलं नाव आहे. आजीच्या दाखल्याचा फोटो सोबत पाठवतोय, छापायचा असेल तर छापा, फक्त नावं झाका.

आपला,
एक वाचक, वसई